कॅप्टनच्या जेवणाचा कोट

१ फेब्रुवारी, रविवार

ही वही दुकानाच्या मालकांनी दिली. पहिल्या पानावर शिक्का वाकडा उमटलाय, त्यामुळे गिऱ्हाइकाला देता येत नव्हती. मी शिक्के आणि नावाच्या पाट्या करायच्या दुकानात काम करतो. शाळा नववीत सुटली, पण माझ्या हातून अजून एकही पाटी चुकीची गेलेली नाही. रबरावर एकदा अक्षर उठलं की खोडता येत नाही, म्हणून मी प्रत्येक शब्द तीनदा तपासतो. वहीतही तसंच करणार आहे.

आज मामा जेवायला आले होते. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. कुणाचं काही बिनसलं की आधी त्यांना कळतं आणि त्यांच्यानंतर सगळ्या नात्यागोत्याला. जेवता जेवता त्यांनी बाबांना विचारलं, "काय भावोजी, तुमच्या हॉटेलातलं धुलाईघर बंद करून काम बाहेर देणार म्हणे?"

बाबा त्या हॉटेलात एकोणतीस वर्षं इस्त्रीवर आहेत. त्यांनी पेला उचलला, सगळं पाणी संपवलं आणि म्हणाले, "बंद कसलं? मला जहाजावर पाठवताहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "फिरायला. आठ दिवस. बक्षीस म्हणून."

मला एवढा धक्का बसला की ताटातलं मीठ समजून मी पाण्यात बोट बुडवलं. मामांचा घास हातातच राहिला. आई वाढत होती, तिनं डाव भांड्यात ठेवून दिला आणि बाबांकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "एकट्यालाच?"

"एकट्यालाच."

"म्हणजे एकोणतीस वर्षं डबे भरले मी, आणि हवा खाणार तुम्ही."

मामा हसले. मग बाबाही हसले. इतक्या आठवड्यांत बाबा पहिल्यांदा हसले.

२ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "इस्त्रीवाल्याला समुद्राची सफर? तुझ्या बापानं मॅनेजरची पँट जाळली असणार, त्याला लांब पाठवताहेत." मालक असेच बोलतात.

आमच्याकडे प्रवास कंपनीची एक बाई शिक्के करून घ्यायला येते. तिला विचारलं तर तिनं छापील पत्रक दिलं: जहाजाच्या सफरीला काय काय न्यावं. दोन पानं आहेत. वाचून घाम फुटला. मला वाटलं होतं चार कपडे, दाढीचं सामान, झालं. पण तिथं मोठी बॅग आपल्याकडून आधीच काढून घेतात आणि खोलीवर पोचायला संध्याकाळ होते. तोवर औषधं, कागदपत्रं, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत नसले तर माणूस तसाच बसून राहतो. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यांना खिळा ठोकता येत नाही, म्हणून लोहचुंबकाचे हुक न्यायचे. खोलीला खिडकी नसेल तर दिवसाही मिट्ट काळोख, म्हणून छोटा दिवा. हे कुणाला सुचलं असतं?

वहीच्या मागच्या पानापासून यादी सुरू केली. प्रत्येक वस्तू आठ दिवसांची, वर तीन दिवसांची जास्त. जहाज उशिरा आलं तर?

५ फेब्रुवारी, गुरुवार

यादी एकवीस वस्तूंवर गेली. आज बाबांना वाचून दाखवली. त्यांनी सगळी शांतपणे ऐकली. मी म्हणालो, एक वाईट बातमी आहे, जहाजावर इस्त्री न्यायला बंदी आहे, आग लागते म्हणून. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, कारण दुसऱ्यानं इस्त्री केलेला सदरा ते अंगावर चढवत नाहीत. पण ते म्हणाले, "तिथं इस्त्र्या भरपूर आहेत."

बाबांनी आधीच चौकशी करून ठेवलेली दिसते. बरं वाटलं.

दुसरी गोष्ट अशी कळली की गेल्या महिन्यात बाबांची छाती, डोळे, कान, रक्त सगळं तपासून झालंय. जहाजावर चढायचं तर लागतं म्हणाले. मी हे प्रवास कंपनीच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, तिच्या सहलींना कधी कुणाचे कान तपासलेले नाहीत. म्हणजे हे जहाज फारच वरच्या दर्जाचं असणार.

बाबांचं तोंड मात्र रापल्यासारखं दिसतंय. धुलाईघर तर हॉटेलच्या तळघरात आहे. वाफेनं होत असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

लोहचुंबकाचे हुक आणले, सहा. घरी आमच्या लोखंडी कपाटावर लावून बघितले. एका हुकाला आईची भाजीची भरलेली पिशवी टांगली, हलली नाही. आई म्हणाली, "ही पिशवी आता कायमची इथंच राहणार का?" पण नंतर तिनंच ते सहाही हुक जुन्या मोज्यात घालून मोज्याला गाठ मारून दिली, म्हणजे एकमेकांना चिकटून बोट चेपायला नको.

कपड्यांचे चिमटे आणले, मळमळीच्या गोळ्या आणल्या. गळ्यात अडकवायची दोरी आणली, खोलीचं कार्ड तिला लावतात. ऊन लागू नये म्हणून मोठ्या काठाची टोपी आणली. बाबांनी ती आरशासमोर घालून बघितली. आई म्हणाली, "बुजगावणं दिसताय." बाबांनी टोपी काढली नाही, तसेच चहाला बसले.

पोहण्याची चड्डी घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज जरा चिडलो. पत्रकात हलक्या सपाता घ्याव्यात असं स्पष्ट लिहिलंय. मी बाबांच्या मापाच्या घेऊन आलो. बाबांनी त्या बाजूला ठेवल्या आणि पलंगाखालून नवे बूट काढून बॅगेत भरले. काळे, बंद, जाड रबरी तळव्याचे. एवढे जड की यादीतल्या सात वस्तूंचं वजन त्या दोन बुटांनी खाल्लं. शिवाय काळ्या मोज्यांचे आठ जोड आणि पांढरे बनियन बारा. मी म्हणालो, बाबा, हे काय फिरायला जाणाऱ्या माणसाचं सामान आहे? ते म्हणाले, "जमीन ओली असते रे. पाय घसरतो."

ते खरंच आहे, समुद्र जवळ असतो. पण सुट्टीत बारा बनियन?

आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाराच कशाला, घरातले सगळेच न्या." आणि आत जाऊन आणखी चार घेऊन आली. टोमणा मारते आणि वर भर घालते. आईचं मला काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मालकांनी पितळेचा तुकडा फुकट दिला. त्यावर बाबांचं नाव कोरलं, खाली घराचा पत्ता, आणि सर्वांत वर मोठ्या अक्षरात: प्रवासी. अडीच तास लागले. कडा घासून गुळगुळीत केल्या. मालक भिंगातून बघून म्हणाले, "मंत्र्याच्या दारावर लावावी अशी झालीय."

बाबांना खोलीचा नंबर विचारला, तोही कोरायचा होता. म्हणाले, तिथं गेल्यावर कळेल. पाटी हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं वरचा शब्द दोनदा पुसला. पुसायला काही नव्हतं, मी आधीच पुसली होती. मग म्हणाले, "छान केलीस." बाबा कुणाच्या कामाला सहसा छान म्हणत नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हबकून गेलोय.

बाबांना थायरॉईडची गोळी असते, रोज सकाळी एक. मी आठ आणि तीन अशा अकरा गोळ्या छोट्या डबीत भरून हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या. आज मोठी बॅग पुन्हा तपासली तर बनियनांच्या घडीत तीन बाटल्या. प्रत्येकीत शंभर. सील न तोडलेल्या. तीनशे गोळ्या.

पहिल्यांदा वाटलं, दुखणं वाढलं आणि माझ्यापासून लपवलं. पण रोज एकच घ्यायची तर वाढून वाढून किती वाढणार? मग वाटलं, बाबांनी विसरून तीनदा आणल्या. त्यांना विचारलं. ते बाटल्यांकडे माझ्याहून जास्त दचकून बघायला लागले. "मी एकच ठेवली होती," असं म्हणाले आणि तिन्ही बाटल्या परत घडीत सारल्या. मग म्हणाले, "असू दे. खराब थोड्याच होणारेत."

म्हणजे एक त्यांनी ठेवली. आठ दिवसांना शंभर, हेही मला कळलेलं नाही. आणि उरलेल्या दोन?

आईला विचारलं तर म्हणाली, "माझ्या कणकेत मीठ पडायचंय अजून," आणि स्वयंपाकघरात गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

यादी पूर्ण. चौतीस वस्तू, सगळ्यांवर खूण. बॅगेच्या मुठीला लाल फीत बांधली, शेजारी पितळी पाटी.

पत्रकात शेवटची सूचना अशी की एके रात्री कॅप्टनबरोबर जेवण असतं आणि त्याला कोट लागतो. बाबांकडे लग्नातला कोट आहे. तो मी स्वतः इस्त्री केला. बाबा बाहेर गेले होते म्हणून जमलं. कव्हरात घालून दाराच्या मागे टांगला, म्हणजे निघताना हातात घेता येईल. आल्यावर बाबांनी तो बघितला. "हा कशाला?" मी कॅप्टनच्या जेवणाचं सांगितलं. ते म्हणाले, "हं."

मामा निरोप द्यायला आले होते. म्हणाले, भावोजी, फोटो पाठवा, सगळ्यांना दाखवतो. बाबांच्या आधी आई म्हणाली, "पाठवतील की. टोपी घातलेला पाठवतील."

२१ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर वाईट येतंय. तरी क्रमानं लिहितो.

सकाळी आठला बाबा रिक्षानं गेले. मला बंदरावर यायचं होतं, त्यांनी नको म्हटलं. आईनं हातातली पिशवी दिली. बाबा उंबऱ्यावर घुटमळले आणि आईला म्हणाले, "येतो." आई म्हणाली, "या. टोपी नीट ठेवा, उडेल." एवढंच.

पाऊण तासानं मी दार लावायला गेलो, तर दारामागे कोट.

सगळी यादी पाळली आणि नेमकी हीच वस्तू राहिली. कोट घेऊन निघालो तशी आई आडवी आली. "राहू दे रे. नाही लागायचा." मी म्हणालो, सगळे कोटात असतील आणि बाबा एकटेच सदऱ्यात. ती आणखी काही म्हणाली, पण मी जिना उतरलो होतो.

बंदरावर मोठी काचेची इमारत आहे. रंगीत कपड्यांतली माणसं चाकांच्या बॅगा ओढत रांगेत उभी होती. कुणाच्याही पायात काळे बूट नव्हते. मी हँगर उंच धरून टेबलापर्यंत गेलो. तिथल्या मुलीनं बाबांचं नाव यादीत शोधलं. नव्हतं. मी लिहून दिलं, तिनं पुन्हा शोधलं. मी म्हणालो, स्पेलिंग चुकलं असेल, तिसऱ्यांदा बघा. तिनं तिसऱ्यांदाही बघितलं, फार चांगली मुलगी होती. मग तिनं विचारलं, हॉटेलकडून म्हणजे कामावर का? कामावरच्या माणसांचं फाटक मागच्या बाजूला आहे.

मी नाही म्हणालो. बाहेर आलो. तरी पाय मागच्या बाजूलाच गेले.

मागे पत्र्याची शेड आहे. तिथं वेगळी रांग होती. वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या पायात काळे, बंद, जाड तळव्याचे बूट. लाल फीत मला लांबूनच दिसली. बाबा मोठ्या काठाची टोपी घालून उभे होते. रांगेत टोपी घातलेले ते एकटेच.

मला बघून ते हलले नाहीत. मी जवळ गेलो. कोट पुढे केला.

"कशाला आणलास?"

"कॅप्टनच्या जेवणाला."

बाबांनी कोट घेतला. कव्हर वर करून कॉलर उलटून बघितली, जशी ते कुणाचीही बघतात. म्हणाले, "वाफ कमी पडली. बघ, इथं पोकळ राहिलंय." कॉलर बोटांनी दाबत राहिले. मग माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. धुलाईघर जानेवारीतच बंद झालं. तेव्हापासून ते रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसायचे. जहाजावर इस्त्रीचं काम मिळालंय. करार नऊ महिन्यांचा. घरी कसं सांगायचं ते ठरत नव्हतं, आणि मामांनी सगळ्यांसमोर विचारल्यावर तोंडातून फिरायला असं निघून गेलं. मग मी यादी करायला लागलो, आणि मग तर सांगताच येईना.

माझ्या डोळ्यांसमोर चड्डी, सपाता, चौतीस खुणा, सगळं फिरलं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "आठ दिवसांनी मी फोन करून सांगतो. तोवर तिला वाटू दे मी मजेत आहे."

मी कबूल केलं. रांग पुढे सरकली. बाबांनी कोट माझ्या हातात परत दिला, मग बॅगेवरची पितळी पाटी सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे. इथं ते नंबर लावतात."

टोपी त्यांनी काढली नाही. फाटकातून आत गेले तेव्हाही डोक्यावर होती.

घरी आलो तर आईनं कोटाकडे बघितलं. मी म्हणालो, फाटक बंद झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आईशी खोटं बोललो. ती म्हणाली, "असू दे. जेवून घे," आणि कोट कपाटात ठेवून आली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात एक शिक्का चुकला. पहिलाच. मालकांनी बघितलं आणि नवा रबर काढून दिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मामा आले. फोटो कुठे म्हणाले. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे दादा, समुद्रात कसला फोन लागतोय? काल एका मिनिटासाठी लागला होता. कुठलंसं बेट बघितलं म्हणे. तिथं वाळू पांढरी असते. ह्यांना तर सगळीकडे धुतलेल्या चादरीच दिसल्या असतील."

मामा पोट धरून हसले. मला मात्र धक्क्यावर धक्का. काल फोन आलेलाच नाही. आई असं धडधडीत, पापणी न लववता बोलली. वाटलं, बिचारी भावासमोर नवऱ्याची शान राखतेय. तिला खरं कळलं तर काय होईल या विचारानं मला जेवण गेलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या पोटासाठी औषध आणायला गेलो. औषधवाल्यानं विचारलं, बाबा पोचले का जहाजावर? तीन बाटल्या पुरतील ना, आई फार काळजीत होत्या. म्हणाल्या, ह्यांनी एकच नेलीय, नऊ महिन्यांचे दिवस दोनशे सत्तर होतात, आणखी दोन द्या, तीस जास्तीच्या राहू देत.

मी औषध न घेताच घरी आलो.

आई कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, तुला माहीत होतं. तिनं तोंडातला चिमटा काढून दोरीवर लावला.

"एकोणतीस वर्षं ह्यांचे सदरे धुतेय. जानेवारीपासून त्यांना वाफेचा वास येईना. गवताचा यायला लागला." पुढचा कपडा झटकला. "मग एकदा खिशात तो कराराचा कागद निघाला. परत होता तसाच घडी करून ठेवला."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर माणूस मान खाली घालून घराबाहेर पडला असता. आणि मी रडले असते, तर पडलाच नसता. आता बघ कसा गेला. टोपी घालून." थोड्या वेळानं म्हणाली, "तुला सांगणार होते. पण तू इतक्या मनापासून सामान भरत होतास. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं रे. त्यांना लगेच कळलं असतं."

मी त्या जास्तीच्या तीस गोळ्यांचा विचार करत होतो. मला वाटायचं तीन दिवसांचं जास्त घेण्याची खोड माझी एकट्याची आहे.

मग आईनं विचारलं, "बंदरावर भेटले ना तुला? कोट बघून काय म्हणाले?"

"वाफ कमी पडली म्हणाले."

आई हसायला लागली. हसता हसता तिनं ओला टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अकराला बाबांचा फोन आला. आईनं मला शेजारी बसवलं आणि आवाज मोठा केला. बाबा आधी जेवलीस का, पाणी वेळेवर येतं का, असं इकडचं तिकडचं विचारत राहिले. मग खाकरले आणि म्हणाले, "एक सांगायचं होतं."

त्यांनी सांगितलं. तिकडून यंत्रांचा आवाज येत होता, त्यामुळे त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. असली गोष्ट मोठ्यानं सांगणं किती अवघड असेल.

आईनं छातीवर हात ठेवला. "अगंबाई," ती म्हणाली, "नऊ महिने? आणि मला आज सांगताय?" आवाज कापरा, शब्द अडखळत. तिचे डोळे मात्र शांत होते. बाबा तिकडून तिची समजूत घालायला लागले. काळजी करू नकोस, खोली चांगली आहे, काम सवयीचं आहे, कोपऱ्यातली मोठी इस्त्री मलाच दिलीय. समजूत घालता घालता त्यांचा आवाज मोकळा होत गेला. आई मधूनमधून "काय बाई तरी" म्हणत होती आणि ते आणखी समजावत होते. शेवटी तिनं माफ केल्यासारखं करून विचारलं, "गोळी घेताय ना?" तिकडे जरा वेळ नुसता यंत्रांचा आवाज. मग बाबा म्हणाले, "घेतोय. पुष्कळ आहेत."

मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ओठ हलवून सांगितलं: धक्का बसल्यासारखं बोल.

महिनाभर मला प्रत्येक गोष्टीचा धक्का बसला, आणि आज हवा होता तेव्हा एकही बसेना. मी नुसताच "बाबा" म्हणालो.

"तुझे ते हुक," बाबा म्हणाले. "भिंती खरंच लोखंडी आहेत. आम्ही चौघं एका खोलीत. तीन मी घेतले, बाकीच्यांना एकेक दिला. सगळे विचारतात, कुणी सुचवलं? खिडकी नाही, तो दिवाही लागतो. पोरा, तुझी यादी बरोबर होती."

पुढच्या महिन्यात त्यांचं जहाज परत याच बंदराला लागणार आहे. मागच्या फाटकावर सामान देता येतं. बाकीच्या तिघांना एकेकच हुक मिळालाय, त्यांचेही तीन-तीन व्हायला हवेत. फोन ठेवल्यावर वही मागून उघडली आणि जुन्या यादीखाली रेघ मारली.

१. लोहचुंबकाचे हुक: सहा. वर तीन जास्त.